कोपरा कुरतडलेला पाव

"निंफे गं, ओलीवे गं, टोपली आली खाली,
पाव घाला कोवळा, भूक दारी आली!"

आईची ही हाक तिसऱ्या मजल्यावरच्या सज्जातून निघायची आणि दोरीच्याही आधी गल्लीत उतरायची. मग मागून टोपली यायची, डुलत डुलत, भिंतीला खांदा घासत, शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींची खोडी काढत. खाली दोघी बहिणी खेळ टाकून धावायच्या. पाववाल्याकडून तीळ लावलेला गरम पाव घ्यायचा, टोपलीत ठेवायचा, दोरीला एक हिसका द्यायचा. वर आई दोरी ओढायची आणि पाव हातात घेऊन ओरडायची, "कोपरा कुठे गेला गं याचा?"

साठ वर्षं झाली या गोष्टीला. तरी अजूनही दोरी हातात घेतली की निंफाच्या कानात आधी ती हाक वाजायची, आणि मगच टोपली खाली सुटायची.

आता सज्जात निंफा एकटीच असायची. वय सत्तर, आणि गुडघे तिच्याहून दहा वर्षांनी थोरले. घराच्या चौऱ्याहत्तर पायऱ्या ती फक्त रविवारी, चर्चला जाण्यापुरत्या उतरायची. बाकी सगळं टोपलीच आणायची: पाव, सार्डिन मासे, वांगी, गुडघ्याचं मलम, आणि त्याबरोबर अख्ख्या गल्लीच्या बातम्या.

मंगळवारी बंदराला जहाज लागायचं. सकाळी त्याचा भोंगा पालेर्मो शहरावर घुमला की समोरच्या सज्जातली प्रोविदेन्झा तोंडातला कपड्यांचा चिमटा काढून ओरडायची, "निंफा, केस विंचर गं! तुझं नाटक आलं!"

नाटक म्हणजे गास्पारेचं. याच गल्लीत वाढलेला गास्पारे जहाजातल्या पाहुण्यांना शहर दाखवत फिरायचा. बाकीचे वाटाडे छत्री उंच धरायचे. हा मात्र काठीच्या टोकाला कठपुतळीतल्या एका मोडक्या सरदाराचं मुंडकं खोचून पुढे चालायचा आणि मागून तीस-चाळीस माणसं छातीवर नंबर चिकटवून निमूट यायची. मोठं चर्च झालं, राजवाडा झाला, बाजारात तळलेल्या पॅनेल्यांनी, म्हणजे बेसनाच्या वड्यांनी, बोटं तेलकट झाली, की शेवटी तो सगळ्यांना निंफाच्या सज्जाखाली आणून उभं करायचा. निंफा टोपली सोडायची, खालचा पाववाला पाव टाकायचा, टोपली वर जायची आणि टाळ्या पडायच्या. त्या बदल्यात गास्पारे तिचा गॅसचा सिलिंडर वर चढवून द्यायचा. व्यवहार चोख होता.

त्या मंगळवारी जहाज उत्तरेकडच्या जिनोआहून आलं होतं. निंफानं टोपली कठड्यावर ठेवली, खाली वाकून बघितलं आणि तिची नजर नंबर चौदावर अडकली.

नंबर चौदाच्या डोक्यावर गवताची हॅट होती, एवढी मोठी की खाली दोन कोंबड्या आरामात अंडी उबवत बसल्या असत्या. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात उंची रुमाल. पण उजव्या पायाची टाच चपलेतून बाहेर काढून ती बाई फरशीच्या थंड दगडावर टेकवून उभी होती.

जगात अशी टाच काढून उभी राहणारी एकच बाई होती. आणि ती अकरा वर्षांत या गल्लीत फिरकली नव्हती.

ओलीवा. दोन वर्षांनी धाकटी. बाविसाव्या वर्षी जहाजावरच्या एका न्हाव्याच्या गोड बोलण्याला भुलली आणि त्याच्याशी लग्न करून जिनोआला गेली ती गेलीच. फोन यायचे, नाताळला गोड भाकरीचा डबा यायचा. आई वारली तेव्हा ती आली, पण दोन दिवस उशिरा. याच सज्जाच्या दारात उभं राहून तिनं एवढंच विचारलं होतं, "शेवटी आईनं माझी आठवण काढली का गं?"

आणि निंफा म्हणाली होती, "नाही."

एवढासा शब्द, आणि तोही खोटा. ओलीवानं पिशवी उचलली आणि त्याच संध्याकाळच्या बोटीनं परत गेली. तेव्हापासून तो शब्द निंफाच्या घशात माशाच्या काट्यासारखा रुतून बसला होता. कितीदा तिनं जिनोआचा नंबर फिरवला आणि पलीकडून "हॅलो" आलं की रिसीव्हर ठेवून दिला. आता ओलीवा स्वतः सज्जाखाली येऊन उभी होती. गास्पारेचा मुक्काम इथे पाव तास, आणि जहाज पाच वाजता सुटणार.

हाक मारायला निंफानं तोंड उघडलं. पण हाकेऐवजी भलतंच काहीतरी बाहेर पडलं.

"ए गास्पारे! आज तुझ्या त्या चौदा नंबरच्या बाई पाव ठेवतील. बाकीच्यांचे हात पॅनेल्यांनी तेलकट झालेत."

गल्लीतली सगळी डोकी हॅटकडे वळली. हॅट जरा हलली.

"मी?" ओलीवा अगदी उत्तरेकडच्या बायकांसारखं नाकातून बोलली. "मला यातलं काही कळत नाही. आपणच कुणीतरी दुसरं निवडावं."

"अगंबाई! काय ते बोलणं!" समोरून प्रोविदेन्झा म्हणाली. ती एव्हाना कोपरं कठड्यावर टेकून पुरती रंगात आली होती. "निंफा, ओठ मिटूनच बोलते गं ही."

"थंडीचा देश तो," निंफा म्हणाली. "तोंड उघडलं तर वारं शिरतं. काय हो बाई, तुमच्याकडे टोपल्या नसतात वाटतं?"

"आमच्याकडे लिफ्ट असते."

"लिफ्ट हाक मारते का?"

गास्पारेनं सरदाराचं मुंडकं खाली आणलं. नेहमीचं नाटक आज त्याच्या हातातून निसटलं होतं, पण पाहुणे खूश दिसत होते, म्हणून त्याचीही तक्रार नव्हती.

"मावशी, जरा टोपलीची गोष्ट सांगा ना," तो म्हणाला. "तोवर पाव येतोय."

"सांगते की. पण ऐका कान देऊन, सगळे." निंफानं दोरी बोटांभोवती गुंडाळली. "आम्ही दोघी बहिणी. मी शहाणी, धाकटी लबाड. आई वरून टोपली सोडायची, आम्ही पाव ठेवायचो, आणि पाव वर जाईपर्यंत त्याचा एक कोपरा गायब झालेला असायचा. आई विचारायची, तर धाकटी म्हणायची, उंदीर!"

"उंदीर असेलही," हॅटखालून आवाज आला. नाक किंचित कमी झालं होतं. "जुन्या शहरांत फार असतात म्हणे."

"असतात ना! आमच्या उंदराला तर दोन वेण्या होत्या."

गल्ली हसली. पाववाला पोट धरून हसला. तो त्या जुन्या पाववाल्याचाच मुलगा, त्याला ही गोष्ट बापाकडूनच ठाऊक होती.

"आणि मार कुणाला बसायचा?" निंफा पुढे म्हणाली. "तर मला! थोरली म्हणून."

"खोटं!" हॅट ताडकन वर झाली. "एकदाच बसला होता, आणि तोही चपलेचा नाही, चमच्याचा!"

गास्पारेनं एकदा वर बघितलं, एकदा खाली बघितलं. ओलीवा घाईघाईनं गळ्यातला रुमाल सारखा करू लागली आणि पुन्हा नाकात शिरली. "म्हणजे... असं असावं, असं आपलं मला वाटतं."

प्रोविदेन्झाच्या हातातला चिमटा खाली पडला. कुणी उचलला नाही.

निंफानं टोपली सोडली. दोरी हातातून सरसर गेली, आणि सवयीनं कानात हाक वाजली. भिंतीला खांदा घासत, चादरींना हळूच टोचत टोपली खाली उतरली आणि बरोबर हॅटसमोर येऊन थांबली. ओलीवानं पाववाल्याकडून पाव घेतला, गरम होता म्हणून या हातातून त्या हातात उडवला आणि पाहुण्यांकडे पाठ करून टोपलीवर वाकली. हॅटआड काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. मग दोरीला एक हिसका बसला.

निंफा दोरी ओढू लागली.

खाली टाळ्या पडल्या. गास्पारेनं घड्याळ बघितलं. "चला मंडळी, बस उभी आहे, मग बंदर, मग जेवण!" सरदाराचं मुंडकं गर्दीवर तरंगत पुढे निघालं. त्याच्यामागे नंबर अकरा, नंबर तीस, हातातली गार पेयं सांभाळत. सगळ्यात शेवटी नंबर चौदा, अगदी सावकाश, चपलेत नीट न शिरलेली टाच फरशीवर घासत.

टोपली कठड्याला लागली. निंफानं पाव उचलला. तीळ बोटांना चिकटले, वाफ तोंडावर आली.

पावाचा एक कोपरा नव्हता.

दातांच्या खुणा ओल्या होत्या. निंफानं अंगठा त्या खुणांवर फिरवला. खाली जायला हवं होतं, पण चौऱ्याहत्तर पायऱ्या उतरेपर्यंत ही बया बंदरही ओलांडून जाईल, हे तिच्या गुडघ्यांना तिच्याआधी कळलं. सरदाराचं मुंडकं वळणाआड गेलं. हॅटही वळणाशी पोचली.

"अगं बोल की बाई," समोरून प्रोविदेन्झा कुजबुजली, आणि तिची कुजबुज म्हणजे अर्ध्या बाजाराला ऐकू जाणारी, "नाहीतर मीच हाक मारते!"

निंफानं दोन्ही हातांनी कठडा धरला.

"ओलीवे!"

हॅट थांबली. वळली. चष्मा हळूच नाकावरून खाली आला, आणि तिसऱ्या मजल्यावरूनसुद्धा निंफाला ते डोळे दिसले, आईचेच, तपकिरी, जरासे वाकडे.

"काय गं?" ओलीवा खालून ओरडली. या खेपेला नाकातून नाही, पोटातून, याच गल्लीच्या सुरात. "आता काय राहिलंय ओरडायचं?"

आणि निंफा बोलली, सगळ्या सज्जांना, सगळ्या चादरींना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मी खोटं बोलले होते तुझ्याशी! आईनं तुझीच आठवण काढली, दुसऱ्या कुणाची नाही! रोज दुपारी टोपली सोडून बसायची, ओलीवानं ठेवलेलाच पाव हवा म्हणायची. मग मी तुझा पेटीतला पिवळा रुमाल डोक्याला बांधून या सगळ्या पायऱ्या उतरायचे आणि खालून तुझ्या आवाजात म्हणायचे, 'आले गं आई!' कोपरा खाल्लेला नसला तर ती पावाला हात लावत नव्हती गं! तीन महिने तो कोपरा मी खाल्ला, तुझ्या नावानं! आणि धापा टाकत वर आले की मला म्हणायची, 'ही निंफा बघ, सदा बाहेर उंडारते, ओलीवाच काय ती माझ्या हाकेला येते!' मला राग आला होता गं ओलीवे, म्हणून तुला नाही म्हणाले! तिनं शेवटच्या दिवसापर्यंत तुलाच हाक मारली!"