अंगठ्याखालची फडफड

“हात हाय का लाकूड? ढिला सोड ना पोरी,” आई सलोनीला म्हणाली आणि लगेच सासूबद्दल काहीतरी विचारलं. सलोनी हसायला लागली, तेवढ्यात बांगडी वर चढली होती. आईची ही रीतच होती. समोरच्या बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि अंगठ्याच्या जोराने तिचा तळवा दाबत बांगडी सरकवायची.

राजूरला बेबीताईंच्या घरी त्यांच्या थोरल्या लेकीचं, सलोनीचं, डोहाळजेवण होतं. सुटी होती म्हणून मीही आईबरोबर गेले होते.

“कांताबाई, घरात कासारीन असून पोरीच्या हातात नुसतं घड्याळ?” बेबीताईंनी टोमणा मारला.

“कॉलेजात पोरायले शिकोते ते. बांगड्या वाजल्या त पोट्टे झोपीतून उठतीन.”

वणीला परतताना आमचा ऑटो कलंडला. कुणाला फारसं लागलं नाही. आईने बांगड्यांची पेटी मांडीवर घट्ट धरली होती. ती फुटली आणि एक काच तिच्या उजव्या मनगटात खोल शिरली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तुटलेली नस, अंगठा हलवणारा मज्जातंतू, शिवली.

अंगठ्याखालचं मांस हळूहळू वाळत गेलं. बाबा वरण-भात कालवून तिच्यापुढे ठेवत. ती मान खाली घालून डाव्या हाताने चमच्याने खाई.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका सकाळी अंगठ्याच्या बुडाशी, कातडीखाली, किडा सरकावा तसं काहीतरी हललं.

“सुरभी, हे पाय. आपोआप उडून राह्यलं.”

डॉक्टर खूश झाले. नस वाढत वाढत स्नायूपर्यंत पोचली आहे, म्हणाले, फडफड हे चांगलं लक्षण. कधी थांबेल ते मात्र त्यांना सांगता येईना.

“चांगलं हाय, आई,” मी रोज म्हणू लागले.

“काय चांगलं? म्हणलं त हालत नाही, नाही म्हणलं त उडते. हात माहा हाय का दुसऱ्याचा?”

तरी हातात बळ येत गेलं. ती बाटलीवर बांगड्या चढवून सराव करी. मग बेबीताईंच्या धाकट्या लेकीचं, गुंजनचं, लग्न ठरलं आणि त्यांचा निरोप आला, चुडा तुमच्याच हातचा पाहिजे. चुडा भरायच्या दिवशी आई सकाळपासून मला घाई करत होती.

गुंजनचा डावा हात छान भरून झाला. उजव्या हातावर बांगडी अर्धी चढली असताना अंगठा उडाला. काचेचा अगदी बारीक आवाज झाला. गुंजनच्या मेंदीवर रक्ताचा थेंब आला.

“वाढली,” कुणीतरी हळू म्हणालं. नवरीसमोर बांगडी फुटली असं म्हणत नाहीत.

“काही होत नाही, कांताबाई,” बेबीताई म्हणाल्या. “बसा, चहा घ्या. उरलेल्या माही जाऊ भरन.”

त्या मनापासून बोलत होत्या. चहा आला, आईने तो डाव्या हाताने घेतला. उजवा तिने पदराखाली नेला होता आणि तिथला पदर हलत होता.

त्यानंतर तिला कुणी बोलावलं नाही. वाईट कुणीच बोललं नाही. बाजारात बायका थांबून हाताची चौकशी करत. “सुधरून राह्यला,” ती सांगे, आणि ते खरंही होतं. दिवाळीत तिने करंज्यांचं पीठ मळलं. फडफड कमी झाली, पण गेली नाही.

“हे थांबलं पायजे,” एकदा मळता मळता ती म्हणाली. मी तिला डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा ऐकवलं.

संक्रांतीच्या आधी, भाजी निवडत असताना, ती हृदयविकाराच्या झटक्याने गेली.

सवाष्ण गेली, म्हणून हिरवा चुडा भरायचा होता. बाबांनी बांगड्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. बायकांनी मला जागा करून दिली. मी कधी कुणाचा हात भरला नव्हता. आईचा उजवा हात मांडीवर घेऊन एकेक बांगडी चढवली, एकही वाढली नाही. अंगठ्याखालचा भाग पूर्वीसारखा भरून आला होता. मी त्यावर बोट ठेवून बराच वेळ थांबले.

“आई,” मी म्हणाले. बायका माझ्याकडे बघू लागल्या. “मलेबी ते उडणं थांबावं असंच वाटे.”