दीडशे स्तोत्रं, दोन घरं

मी बोलतोय, आणि बऱ्याच वर्षांनी एका तोंडाने बोलतोय. तेवढं आधी ऐकून घ्या, कारण आज मला गप्प बसवतच नाहीये. मी स्तोत्रसंहितेचा ग्रंथ. मोठ्या टाइपातली जाडजूड प्रत, कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं. सोनं बरंच उडालंय, ऐट मात्र शाबूत आहे.

तुम्ही म्हणाल, ग्रंथाला तोंड एकच असायचं. पण मध्यंतरी माझी दोन झाली होती. अर्धा मी भावाच्या घरी आणि अर्धा बहिणीच्या. हे कसं झालं ते सांगतो, पण माझ्या पद्धतीने, पहिल्यापासून.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी नुसता कागदांचा गठ्ठा होतो. मला माणसांत आणलं ते एका बायंडरने. त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडे खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर खळीचा डबा, दाभणं, दोऱ्याची रिळं आणि कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. लोकांची पुस्तकं बांधून पोट भरणाऱ्या या माणसाने मला मात्र स्वतःच्या घरासाठी बांधायला घेतलं. एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, शिवायचा आणि शिवता शिवता वाचायचा. जवळ बसून कापड कापणारी त्याची बायको म्हणायची, "शिवताय की वाचताय?"

"दोन्ही. हात शिवतोय, डोळा वाचतोय."

"मग बोटात दाभण घुसलं की माझ्याकडे येऊ नका."

घुसायचंच. माझ्या मधल्या एका पानावर अजून तो तपकिरी ठिपका आहे, आणि मी तो मिरवतो.

रोज संध्याकाळी तो मला मांडीवर घेऊन एक स्तोत्र मोठ्याने वाचायचा. समोर बायको, मुलगा आणि मुलगी. घरात मुलाला दादा म्हणत आणि धाकटीला ताई. स्तोत्राच्या डोक्यावर लहान अक्षरांत जी ओळ असते, दाविदाचे स्तोत्र, आसाफाचे स्तोत्र, ती तो कधी गाळायचा नाही. "कोण बोलतंय ते आधी कळू दे," म्हणायचा, "मग काय बोलतंय ते कळेल."

आणि माझ्या पोटात बोलणारे तरी किती! दावीद राजा आहे, कधी गुहेत लपलेला, कधी स्वतःच्या पापाने लाजून मला धुऊन काढ म्हणणारा. मंदिरात गाणारे कोरहाचे वंशज आहेत. दुष्टांची भरभराट बघून जळणारा आसाफ आहे. आयुष्याचे दिवस मोजायला शिकव म्हणणारा मोशे आहे. परक्या नदीकाठी बसून रडणारे आहेत, ज्यांनी नावच सांगितलं नाही. शत्रूला सणसणीत शाप देणारेसुद्धा आहेत, मी लपवत नाही. आणि शेवटी शेवटी तर सूर्य, चंद्र, डोंगर, झाडं, सगळ्यांना स्तुतीला बोलावलंय. माणसाच्या मनात येणारी एकही गोष्ट सुटलेली नाही, म्हणून तर लोक मला सोडत नाहीत.

मग बायंडर आजारी पडला. तरी वाचन चालूच. एका संध्याकाळी तो बहात्तराव्या स्तोत्राशी आला. एका बापाने राजा होणाऱ्या आपल्या मुलासाठी केलेली ती प्रार्थना आहे. शेवटची ओळ अशी, की दाविदाच्या प्रार्थना इथे समाप्त झाल्या. ती वाचून तो थकला. त्याच पानाच्या मागच्या बाजूला आसाफ सुरू होतो. "उद्या उलटू," म्हणाला. पान उलटायचं तसंच राहिलं; तो उद्या त्याने पाहिलाच नाही.

त्यानंतर जे झालं ते फक्त बायंडरच्याच घरात होऊ शकतं. सगळं वाटून झालं, मी उरलो.

दादा म्हणाला, "दाविदाचा ग्रंथ थोरल्याकडेच राहणार."

"दाविदाचा कसा?" ताई म्हणाली. ती चर्चच्या गायकवर्गाला गाणं शिकवते, आवाज खणखणीत. "आसाफ काय दाविदाच्या घरी भाडेकरू होता? कोरहाचे वंशज कुठे गेले? आणि नाव न सांगणारे?"

"गाणं त्यांचं असेल, पाया दाविदाने घातला."

"म्हणून घर त्याच्या एकट्याच्या नावावर?"

शब्दाने शब्द वाढला. दादाचा राग नाकावर. त्याने मला टेबलावर उपडा घातला, बापाच्याच सुरीने माझ्या कण्यावरचं कापड चिरलं आणि दोरे तोडले. "दाविदाच्या प्रार्थना संपल्या, तिथपर्यंत माझं. पुढचं तुझं."

पण पानाला दोन बाजू असतात, हे रागाच्या भरात बायंडरचा मुलगासुद्धा विसरला. ती ओळ पानाच्या या बाजूला, आणि त्याच पानाच्या मागे आसाफाच्या स्तोत्राची सुरुवात. पान काही उभं सोलता येत नाही. दादाने ते ठेवून घेतलं. बाबा इथवर आले होते, एवढंच त्याच्या मनात होतं, पण तोंडाने सांगेल तर शपथ. झालं, ताईचा अर्धा भाग स्तोत्राच्या मधूनच सुरू व्हायला लागला. दुष्टांची चैन बघून आसाफाचा पाय घसरता घसरता राहिला ते दादाच्या घरी, आणि तो सावरला कसा ते ताईच्या घरी.

त्या दिवसापासून बहीणभाऊ बोलेनासे झाले. चर्चमध्ये एक डाव्या बाकावर, एक उजव्या. लोकांनी नावं पाडली, दावीददादा आणि आसाफताई. ऐकून मला हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

आई दोघांकडे आलटून पालटून राहायची. डोळे अधू झालेले, म्हणून ज्याच्याकडे असेल तो आपापला अर्धा वाचून दाखवायचा. एकदा दादाकडून निघताना ती म्हणाली, "तुझ्याकडे राहिलं की बहुतेक रडायचं. तिच्याकडे गेलं की टाळ्या वाजवायच्या. अरे, माणसाला दोन्ही एकाच दिवशी लागतं."

दादाने नुसतं तिचं बोचकं उचललं.

आणि मग, खरी मजा इथून, पाळकसाहेबांच्या डोक्यात आलं की एक दिवस सगळीच्या सगळी स्तोत्रसंहिता चर्चमध्ये मोठ्याने वाचायची. सकाळी सुरुवात, संध्याकाळी शेवट, एकामागून एक वाचणारे. "तुमच्या घरी ती मोठ्या टाइपातली प्रत आहे ना? तिच्यावरून वाचू," ते आईला म्हणाले. ते नवे होते, त्यांना आमचं महाभारत ठाऊक नव्हतं. आईला चांगलं ठाऊक होतं. तरी म्हातारीने तोंड वर करून सांगितलं, "आणते की."

घरी येऊन तिने दोघांना निरोप धाडले. मी शब्द दिलाय. ग्रंथ शिवून द्या, नाहीतर मला चर्चच्या दारात तोंड दाखवायला जागा नाही.

ताई माझा अर्धा भाग पदरात घट्ट धरून बापाच्या दुकानात आली; ते आता दादा चालवत होता. किती वर्षांनी मी ती खिडकी बघितली! खळीचा वास तोच, शिकंजा तोच. टेबलावर माझं दुसरं अर्धं अंग पडलेलं, दोघांमध्ये हातभर अंतर. माझी पानं फडफडायचीच बाकी होती. आई मधल्या स्टुलावर बसली.

"आई, तिला सांग, इथे ठेव."

"आई, त्याला सांग, ज्याने कापलं त्याच्या हाती मी देणार नाही."

"आई, तिला म्हणावं, मग चर्चमध्ये आसाफाची सुरुवात काय तोंडपाठ म्हणणार आहेस?"

"आई, त्याला म्हणावं, निदान आसाफ कोणाचा हे तरी कबूल केलंस."

"मी काय टपाल आहे का?" आई म्हणाली. "दादा, बाविसावं वाच. पहिल्यापासून."

दादाने पान काढलं. त्यात एक जण ओरडतोय, देवा, मला का टाकलंस. त्याचे हातपाय विंधलेत, लोक त्याची टर उडवताहेत, त्याचे कपडे वाटून घ्यायला चिठ्ठ्या टाकताहेत. दादा वाचत गेला आणि कपड्यांपाशी त्याचा आवाज बारीक झाला.

"वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूच्या अंगरख्याचं काय केलं?" आईने विचारलं.

मग ताईच म्हणाली, "चिठ्ठ्या टाकल्या."

"का?"

"अंगरखा अखंड होता. फाडायला नको म्हणाले."

"शिपाई होते मेले, पण त्यांना कळलं," आई म्हणाली. "माझ्या पोरांना नाही कळलं."

दादा खाली बघत दाभणात दोरा ओवायला लागला. ओवला जाईना. ताईने माझा अर्धा भाग टेबलावर ठेवला.

तेव्हापासून माझी शिवण सुरू झाली, आणि भांडणही, पण आता त्याची चव वेगळी होती. तो टाके घालत होता, ती फर्मे धरत होती. ते भांडणाचं पान हातात आलं तशी ताई थबकली.

"आई, त्याला विचार, या स्तोत्राच्या डोक्यावर कोणाचं नाव आहे?"

"शलमोनाचं," दादा आईला म्हणाला. "आणि खाली दाविदाचं. बापाने मुलासाठी मागितलं असेल."

"मागितलं काय, तर गरिबाचा न्याय करील, सगळी राष्ट्रं त्याच्या पाया पडतील, चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल. शलमोन असा होता का, विचार."

दादाचा हात थांबला. "नव्हता. शेवटी बिघडला. दुसरे राजे तर त्याहून वाईट."

"मग हे मागितलं कोणासाठी?"

"जो अजून यायचा होता त्याच्यासाठी," दादा हळूच म्हणाला. "मसीहासाठी." मग त्याला राहवेना. "आई, तिच्याकडे एकशे दहावं आहे. तेही दाविदाचं. त्यात दावीद येणाऱ्या राजाला माझा प्रभू म्हणतो, आणि देव त्याला उजव्या हाताला बसवतो. आपल्याच वंशजाला कोणी प्रभू म्हणतं का?"

"आणि बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोपऱ्याला लागला, तेही माझ्याकडे," ताई म्हणाली, आणि तिचे डोळे एकदम मोठे झाले. "आई, ऐकतेस ना? जो ओरडतोय तो त्याच्या घरी होता, आणि तोच उजव्या हाताला बसलाय तो माझ्या घरी."

मला तर कधीपासून हेच सांगायचं होतं! दादाच्या घरी जखमा, ताईच्या घरी सिंहासन. दोन्ही एकाच राजाचं, हे माझे दोन भाग एकमेकांपासून दूर असताना कुणाला दिसणार? लिहिणारे हात अनेक, त्यात ताई खरी. पण दाविदाच्या वंशातल्या ज्या एकाची वाट ते बघत होते, त्याच्यामुळे दादाही खोटा नाही. आई दोघांकडे बघून म्हणाली, "तुमचे बाबा हेच वाचत होते, आणि तुम्ही कानात बोळे घालून बसला होतात."

नवं कापड चढलं, मी शिकंज्यात गेलो, अंग चेपून निघालं, पण काय सुख होतं म्हणून सांगू. तरी एक सल राहिलाच. निघताना ताई म्हणाली, "आई, त्याला सांग, येते मी." दोऱ्याने कागद जुळतो, माणसांचं तसं नसतं.

वाचनाचा दिवस उजाडला. मी उंच चौरंगावर, चर्च खचाखच. पहिल्या बाकावर आई. एकामागून एक लोक येत होते. कोणी अडखळत, कोणी रडत, कोणी तालावर, आणि मी पहिल्यापासून सलग वाहत होतो. कान तृप्त होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

बहात्तरावं दादाकडे होतं, त्र्याहत्तरावं ताईकडे. ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली, पाळी यायची म्हणून. दादा छान वाचत होता. राजासाठी, गरिबांसाठी, सगळ्या पृथ्वीसाठी. आणि शेवटच्या ओळीपाशी थांबला. दाविदाच्या प्रार्थना समाप्त झाल्या, एवढंच म्हणायचं होतं. त्याचं बोट माझ्या पानाच्या कोपऱ्यावर तसंच अडून राहिलं होतं. बापाचा आवाज इथेच थांबला होता.

लोक वाट बघू लागले. कोणीतरी खोकलं. ताईने आईकडे बघितलं, पण आई लांब बाकावर, निरोप सांगणार कोणाला? मग ती त्याच्याकडे वळली.

"दादा," ती म्हणाली, "वाच आणि पान उलट. माझा आसाफ केव्हाचा खोळंबलाय."

दादा हसला. भर चर्चमध्ये, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसला. त्याने ती ओळ वाचली आणि बापाचं राहून गेलेलं पान उलटलं. ताईने श्वास घेतला आणि आसाफ पहिल्या शब्दापासून बोलायला लागला.

आता मी आईच्या बोचक्यात राहतो. ती दादाकडे तर मी दादाकडे, ती ताईकडे तर मी ताईकडे, आणि जिथे जाऊ तिथे संध्याकाळी दुसरंही येऊन बसतं. लिहिलं कोणी, यावर अजून वाद होतात. होऊ देत, आता ते एकमेकांच्या तोंडावर होतात. माझी नवी शिवण त्या जागी जरा जाड झाली आहे, म्हणून मला उघडलंत की मी आपोआप तिथेच उघडतो. तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल, तर त्याला कापू नका. रडणं एका घरी आणि गाणं दुसऱ्या घरी, असं ठेवू नका. आणि वाचता वाचता कुठे अडलात, तर शेजारच्याला म्हणा, पान उलट. पुढे कोणीतरी खोळंबलेलं असतं.