सातच्या तासाची सायकल

मी एक जुनी, काळी, दांड्याची सायकल आहे. मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला, पण मला शहाणपण आलं ते भिमाआप्पांच्या घरी. त्यांनी मला शिरूरच्या बाजारातून आणलं आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवल्या. रोज सकाळी आमची वरात डेअरीवर जाई. मी कुरकुरत असे, हे कबूल करते.

१९९४ साली आप्पांची लेक सुषमा दौंडच्या कॉलेजात गेली. तिला अर्थशास्त्र घ्यायचं होतं. पण आमच्या भागातल्या पोरी विषय निवडत नसत, एसटी निवडत. अर्थशास्त्राबरोबर गणित घ्यावं लागे, आणि त्याचे दोन पर्याय होते. सोपं सामान्य गणित दुपारी असे आणि खरं गणित सकाळी सातला. पहिली एसटी नऊला पोचे. सुषमाने सामान्य गणितावर खूण केली.

फॉर्म पाहून अर्थशास्त्राचे ज्ञानदेव सर म्हणाले, "पुढं एम.ए. करायचंय ना? मग सातचंच गणित घे. या दुपारच्या गणितावर तिथं निभाव लागायचा नाही. उद्यापर्यंत बदलून आण."

घरी अजून थोडी मेंढरं होती. त्यांना कोंडता कोंडता आप्पांनी विचारलं, "त्या गणितात असं काय हाय?"

"आप्पा, मेंढरं किती हायेत ते समदेच मोजत्यात. आणखी एक वाढवलं तर चारा किती जास्ती लागंल, आन् त्यातनं हाती काय ऱ्हाईल, ते ह्यात कळतं."

"म्हंजी माझा आजा करायचा तेच की. कागदावर शिकवत्यात व्हय?" आप्पा हसले आणि त्यांनी माझ्या किटल्या सोडल्या. "सायकल तू ने. दूध मी चालत नेतो. डेअरी काय पळून जात न्हाई."

तीन वर्षं आप्पा चालले. त्यांच्या खांद्याला घट्टे पडले, ते पाहून मला वाईट वाटे. सुषमा वाटेत सूत्रं पुटपुटे, आणि चढावर दम लागला की सूत्र अर्ध्यावर राही. पहिल्या परीक्षेत ती जेमतेम पास झाली, पण तास एकही चुकवला नाही.

पुढे ती पुण्याला गेली आणि मी गोठ्यात. आप्पांनी मोटारसायकल घेतली. माझ्या सीटवर कोंबड्या बसू लागल्या. तेलाचा थेंबसुद्धा कुणी घातला नाही. राग आला, खोटं कशाला बोलू?

२००४ मध्ये सुषमा त्याच कॉलेजात शिकवू लागली. प्रवेशाच्या दिवसांत ती प्रत्येक मुलीला आधी विचारी, "तुझी एसटी कवा पोचती?" ती उत्तरं लिहून घेऊन, सातचा तास उशिरा ठेवा म्हणून सांगायला सुषमा प्राचार्यांकडे दोनदा गेली. आता ते गणित अकराला असतं. यंदा त्या वर्गात सतरा मुली आहेत.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलपाणी करा, एवढंच मागणं. आणि कुणी सोपा विषय घेतला, तर त्याला हसण्याआधी त्याची वाट किती लांब आहे ते विचारा. त्या सतरा जणींपैकी एकीलाही माझी गरज पडत नाही, आणि याचा मला फार आनंद आहे.