दोन कुप्या, तीस मिनिटं

मिनिट शून्य

लशीच्या दोन्ही कुप्या एकाच मुठीत धरून मी जोरात हलवल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आत्ता दोन्ही सारख्या दिसतात, पातळ ताकासारख्या.

डावी मी काल मुद्दाम बर्फाच्या कप्प्यात गोठवली आणि आज सकाळी वितळू दिली. ती मेलेली आहे, हे नक्की. उजवी तशीच ठेवलेली; दोन्ही काल मोखोत्लोंगच्या मोठ्या दवाखान्यातून घोडीवर आलेल्या डब्यातल्या. तिचं काय, ते अर्ध्या तासात कळेल. एकदा गोठलेली ही लस भरभर तळाशी बसते, वर स्वच्छ पाणी उरतं. न गोठलेली गढूळच राहते.

उजवी गढूळ राहिली, तर बाहेर बसलेल्या चौतीस पोरांना टोचता येईल.

निवळली, तर अख्खा डबा फेकायचा.

मिनिट पाच

नाही, तीन. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

"म्मे मालिपुओ, हे सगळं कशाला? यंत्राने सांगितलंय ना," केनेवे म्हणाली.

केनेवे खालच्या सपाटीवरच्या विद्यापीठाची; सगळ्यांसारखी तीही मला म्मे, आई म्हणते. डोंगरातून नेताना किती लस गोठून वाया जाते, यावर तिचा अभ्यास चाललाय. प्रत्येक डब्यात ती काडेपेटीएवढं यंत्र टाकते. ते दर पाच मिनिटांनी तापमान टिपतं आणि शून्याखाली गेलं की किंचाळतं. कालच्या यंत्रात परवाच्या अख्ख्या रात्रीची रेघ उणे सहावर आडवी झोपली होती.

"उणे सहा, म्मे. यातून वाचली असेल तर मी माझी पदवी परत करते."

"नको करूस. इकडे दे. चूल पेटवायला होईल."

ती हसली नाही. मीही हसले नाही. शंका असेल तर हलवून पाहा, असं नियम सांगतो. तिला शंकाच नव्हती. मला होती, किंवा मी ती मुद्दाम बाळगून होते.

मिनिट सहा

डाव्या कुपीच्या तळाशी पांढरी रेघ धरली.

उजवीकडे मी बघत नाही.

अजून मिनिट सहाच

दार ढकललं गेलं आणि घोंगड्यात गुंडाळलेलं एक डोकं आत आलं. "नर्सबाई, आज टोचणार, की पाय मोकळे करायला बोलावलंत?"

मामोलेफी.

"टोचते. जरा थांब."

"थांबतेच आहे. दोन वर्षं झाली."

दार बंद झालं. केनेवेने माझ्याकडे पाहिलं. मी तिला सांगितलं, कारण न सांगता त्या कुप्यांकडे बघत बसणं मला झेपलं नसतं. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात इथला फ्रिज बिघडला आणि मी एकोणीस बायांना दारातून परत पाठवलं. पुढच्या महिन्यात या, म्हणाले. सोळा आल्या. न आलेल्या तिघींत ही होती. तिच्या घरापासून इथवर पाच तासांची चाल आहे, तीही बर्फ नसेल तेव्हा. तिच्या मोलेफीला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता निळा पडायचा. तीन महिन्यांचा होऊन गेला. तिला मात्र सगळे अजून त्याच्याच नावाने हाक मारतात, मामोलेफी, मोलेफीची आई.

आज तिच्या पाठीवर सात आठवड्यांची मुलगी आहे. आणि पलीकडच्या खोऱ्यात पंधरा दिवसांपासून तोच खोकला फिरतोय.

केनेवेने आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली.

मिनिट अकरा

कोपऱ्यात, गोवऱ्यांच्या शेगडीपाशी, न्ताते मोजाकी, सगळ्यांचे बाबा, आंबील पीत बसले होते. डबा तेच घेऊन आले. सत्तरीचा माणूस, पण खिंडीतला प्रत्येक दगड ओळखतो. एरवी ते आले की घोडीचे गुण, सुनेचे अवगुण आणि सरकारचे रस्ते असं क्रमाने चालतं. आज वाडग्यात तोंड घालून गप्प.

"न्ताते, बरं नाही का?"

"थंडी, म्मे."

शेगडी त्यांच्या गुडघ्यांना जवळजवळ चाटत होती.

मिनिट पंधरा

डावी अर्धी निवळली. वर झऱ्याचं पाणी, खाली पिठाचा थर.

उजवीकडे बघितलं.

ताक.

मिनिट सोळा

मला तसं दिसावंसं वाटतंय म्हणून तसं दिसत असेल. मी केनेवेला म्हटलं, "तू बघ."

तिने चष्मा कपाळावर चढवला, कुप्यांच्या मागे आपली काळी वही उभी धरली, नाक टेबलाला लागेल इतकी वाकली. बाहेरच्या बर्फाचा उजेड थेट काचेवर येत होता. बराच वेळ ती तशीच राहिली.

"शक्य नाही," ती म्हणाली.

हे शब्द इतके गोड लागू शकतात, मला माहीत नव्हतं.

मिनिट बावीस

"यंत्र बिघडलेलं नाही, मी काल दोनदा तपासलं," केनेवे स्वतःशीच पुटपुटत होती. मग ताडकन वळली. "न्ताते, परवा रात्री डबा कुठे होता?"

"माझ्यापाशी."

"आणि यंत्र?"

म्हाताऱ्याने वाडगा खाली ठेवला. "आउसी, ताई, तू कागदावर माझी सही घेतलीस. डबा उघडणार नाही म्हणून."

"घेतली."

"मी उघडला."

शेगडीत एक गोवरी फुटली.

"खिंडीत ते कारटं केकाटायला लागलं. घोडी बिथरली, एक पाय कड्याबाहेर. मी म्हटलं, बाबा, काय दुखतंय तुझं? तू सांगितलंच होतंस, थंडी वाजली की ते रडतं. मग डबा उघडला. आत बर्फाच्या विटा! बाहेर एवढा बर्फ पडलाय आणि आतही बर्फच. काढल्या विटा. डबा घोंगड्याखाली पोटाशी बांधला. रात्री गुराख्यांच्या झोपडीत तसाच झोपलो. बायकोला इतकं जवळ घेऊन कधी झोपलो नाही."

"आणि यंत्र?"

"ते गप्पच होईना. विटांबरोबर खोगिराच्या पिशवीत टाकलं. घोडी बाहेर, पिशवी बाहेर. इथे दाराशी आल्यावर सगळं पुन्हा होतं तसं आत ठेवलं." मग हळूच, "यंत्र मेलं का?"

केनेवेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. मग आवाज फुटला, आणि ते हसू आवरेना. "म्हणजे मी घोडीच्या पिशवीचं तापमान मोजलं!"

"चूक झाली, आउसी."

"झालीच. या खेपेचे आकडे गेले. आता माझ्या फॉर्ममध्ये वाटेत माणसाने काय केलं, हे विचारायला एक जागा करावी लागणार." तिने डोळे पुसले. "पण न्ताते, आधी का नाही सांगितलंत? आम्ही कालपासून इथे मरतोय."

"लस वाचली की नाही, मला तरी कुठे ठाऊक होतं? वाचली नसती तर दोन गुन्हे झाले असते."

मिनिट तीस

डावी, पाणी. उजवी, ताक.

मी दोघांकडून बघून घेतलं. मग पुन्हा एकदा स्वतः बघितलं. मग खुर्चीवर बसले. मोजाकींनी उरलेली आंबील माझ्यापुढे सरकवली आणि मी ती त्यांच्याच वाडग्यातून प्याले.

त्यानंतर

सगळ्यात आधी मामोलेफीला आत घेतलं. तिने मुलीची मांडी उघडी केली आणि स्वतः भिंतीकडे तोंड फिरवलं. मुलगी असं काही किंचाळली की बाहेर घोडी खिंकाळली.

"हिच्यातही यंत्र घातलंय का?" मोजाकी म्हणाले. त्यांना वाचा फुटली होती. आता सुनेचा विषय निघायला वेळ लागणार नव्हता.

मामोलेफी पोरीला छातीशी धरून उभी राहिली. हुंदके संपेपर्यंत डोलत राहिली. "पुढची कधी?"

"चार आठवड्यांनी."

"येते." दारात ती थांबली, टेबलावरच्या दोन कुप्यांकडे बघितलं. "तेव्हाही असंच अर्धा तास बाटल्यांकडे बघत बसणार असाल, तर आधी सांगा. मी जेवण बांधून आणीन."

"पुढची कोण?" मी बाहेर हाक मारली. तेहतीस जणी एकदम उठल्या.