दीपमालाच्या कमरेची किल्ली

तासगावात पारसशेठच्या बेदाण्याच्या गोदामात मी बारा वर्षं सुपरवायझर होतो. खरं सांगायचं तर आलो तेव्हा मला बेदाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शिकवलं ते दीपमालानं. ती माझ्याआधीपासून निवडीवर होती. बेदाणा मुठीत दाबायची आणि मूठ उघडायची. दाणे सुटले तर माल वाळलेला, चिकटून राहिले तर परत वाळवणीला. सुपरवायझर व्हायची तीच. पण सुपरवायझरकडं गोदामाची किल्ली असते, आणि दीपमाला पारधी.

शेठ तसे वाईट नाहीत. वाटेत मुंगी दिसली तरी पाय उचलून धरतील. तरी म्हणायचे, "बाई गुणाची आहे, पण किल्ली कशी द्यायची?" मला राग यायचा. तो मी घरी जाऊन बायकोवर काढायचो.

परवा मी निवृत्त झालो. शाल, नारळ, पेढे, सगळं झालं. मग शेठनी भाच्याला पुढं केलं. "नाथाजी, किल्ली आता नेमिनाथकडं द्या."

"किल्ली माझ्याकडं न्हाई शेठ," मी म्हणालो. "आठ वर्षं दीपमालाच्या कमरेला हाय. काम साडेसातला सुरू हुतं, माझी एसटी येती नवाला, तुमी येता अकराला. गोदाम रोज तीच उघडती. कवा मूठभर तरी माल कमी भरला का?"

बायकांचे निवडीचे हात थांबले. दीपमालानं कमरेची किल्ली सोडून शेठपुढं ठेवली.

शेठनी किल्ली उचलली आणि परत खाली ठेवली. मग म्हणाले, "उद्या किती वाजता उघडणार, दीपमाला?"

"रोजच्यावानी. साडेसातला."

त्यांनी किल्ली तिच्याकडं सरकवली. "उद्यापासून सुपरवायझर तूच."

माझी पिशवी घेऊन ती स्टँडपर्यंत आली. आता आभार मानेल, असं मला वाटलं.

"आबा, ह्येच आठ वर्षांमागं बोलला असता तर?"

मी खाली बघत म्हणालो, "माझी नोकरी गेली असती गं."

"ठावं हाय," ती म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "म्हणून तर मीबी गप ऱ्हायली."