इरम्माकाकूंचं जंगली हरीण

निसर्गाला माणसाचा हात कधी लागलेला नाही आणि लागू शकणारही नाही. तो स्वयंभू आहे, सार्वभौम आहे आणि त्याच्या दरबारात आपण सारे केवळ मूक साक्षीदार आहोत, असं पाणंदीकर साहेबांनी अणदूरच्या माळावर बैलगाडीत उभं राहून जाहीर केलं. त्या वेळी निसर्ग शेजारच्या गाडीत डोळ्यांवर चामड्याची टोपी चढवून घोरत पडला होता. त्याचं नाव नवाब. तो शिकारी चित्ता होता, आणि हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून उसना आणलेला होता.

साहेब मुंबईचे. विलायतेत सिनेमाची कला शिकून आलेले. एकेचाळीस साली ते आमच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ‘दख्खनचं अस्पर्श अरण्य’ नावाचा सिनेमा काढायला उतरले. अणदूरला अरण्य नाही. ज्वारी आहे, तूर आहे, आणि यांतलं काहीच जिथं येत नाही तो माळ आहे. पण माळावर काळविटांचे कळप होते, आणि साहेबांना लागेल ते पुरवावं असा तालुक्याहून हुकूम आला होता. गावचे पाटील मल्लिकार्जुन यांना बंदुकीचा परवाना पाहिजे होता. त्यामुळं सरकारी हुकमाचं एवढं प्रेमानं पालन निजामाच्या राज्यात क्वचितच झालं असेल.

काळवीट बैलगाडीला भीत नाही. जन्मापासून बघत असतं. म्हणून एका गाडीत चित्ता ठेवायचा, दुसरीत कडब्याखाली कॅमेरा आणि कॅमेरावाला लपवायचा, अशी योजना होती. योजना नामी होती. पण कॅमेरा सुरू झाला की पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा आणि कळप नळदुर्गाच्या वाटेला लागायचा. नवाब दोनदा त्यांच्या मागं धावला. तिसऱ्यांदा अर्ध्यातच बसला आणि धापा टाकत साहेबांकडं बघू लागला.

“उमर हो गयी, हुजूर,” त्याचा राखण्या लाडलेसाब म्हणाला.

तेव्हा पाटलांना आपल्या इरम्माकाकूंची आठवण झाली.

इरम्माकाकू म्हणजे पाटलांच्या चुलत्याच्या विधवा. लिंगायताचं घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. शिकाऱ्यांनी आई मारलेलं काळविटाचं एक पाडस त्यांना बांधाला सापडलं, ते त्यांनी गाईच्या दुधावर वाढवलं. लेकरू नव्हतं, मग हेच झालं. त्याचं नाव भोळ्या. आता त्याला पिळदार शिंगं आली होती, पण भाकरी अजून काकूंच्या हातूनच खायचा. दिवसभर माळावर चरायचा, आणि काकूंनी दारातून कानडीत “बा भोळ्या, बा!” म्हणजे ‘ये भोळ्या, ये’ अशी हाक दिली की असेल तिथून पळत घरी यायचा.

“काकू, तुमचं हरीण उद्या माळावर पाहिजे,” पाटील म्हणाले. “फोटू काढायचाय त्येचा. हलता फोटू.”

“आन् त्यो वाघ?”

“वाघ कुठला! चित्ता हाय. म्हातारा झालाय, बसूनच असतो. आन् म्या हाय की तिथं.”

“तू हायेस म्हणूनच इचारते.”

“असं काय बोलता काकू! परका हाय का म्या?”

“लिंगावर हात ठेवून सांग. माझ्या लेकरावर सोडणार न्हाईत त्येला.”

पाटलांनी गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि सांगितलं. पाटील सोमवारचा उपवासही करत. काकूंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्पर्श अरण्य सुरू झालं. काकू लांब लिंबाखाली बसल्या. नवाबची टोपी काढली. भोळ्यानं त्याच्याकडं बघितलं, नवाबनं भोळ्याकडं बघितलं, आणि दोघंही आपापल्या कामाला लागले. नवाब पंजे चाटू लागला. भोळ्या कॅमेऱ्याच्या गाडीपाशी गेला आणि वरचा कडबा खाऊ लागला. थोड्याच वेळात निसर्गाच्या मूक साक्षीदाराचा गुडघा उघडा पडला.

“हाकला त्याला!” साहेब ओरडले.

पाटलांनी ढेकूळ मारलं. भोळ्यानं ते हुंगलं.

“ये खडे जानवर को हात नै लगाता, हुजूर,” लाडलेसाब म्हणाला. “भागेगा तो पकडेगा.”

“मग धावला पाहिजे,” साहेब म्हणाले. “पण सहज. नैसर्गिक वाटलं पाहिजे. पाटील, एवढं जमलं तर तुमच्या परवान्याचं मी स्वतः वर बोलेन.”

पाटील क्षणभर उभे राहिले. मग धोतराचा सोगा सावरत लिंबाकडं निघाले.

“काकू, झालं काम. साहेब लई खूश हाईत.”

“झालं? इतक्यात?”

“झालं म्हंतो न्हवं. ऊन चढाया लागलंय. मारा हाक आन् न्या घरी.”

काकू उठल्या. पदर सावरला, दोन्ही हात तोंडाशी नेले.

“बा भोळ्या, बा!”

भोळ्यानं मान वर केली आणि निघाला. भ्यालेलं काळवीट वळणं घेत, हुलकावण्या देत पळतं. त्यापुढं तरणा चित्तासुद्धा थकतो. भोळ्या घरी निघाला होता. तो सरळ रेषेत, मजेत उड्या घेत पळत होता, आणि मागं बघायचं त्याला काही कारण नव्हतं. साहेबांनी हात खाली केला. लाडलेसाबनं पट्टा सोडला. दोन दिवस बसून काढलेल्या नवाबला त्या दिवशी म्हातारपण आठवलं नाही.

काकूंना ते आधी दिसलं. त्या ओरडत पुढं धावल्या. आता त्यांच्या तोंडात “बा” नव्हतं, “जा, जा” होतं. पण काकू ओरडत आपल्याकडं येताहेत म्हटल्यावर भोळ्यानं वेग आणखी वाढवला.

त्या पोचल्या तेव्हा गळा धरलेला होता. काकूंनी मुठींनी चित्त्याच्या पाठीवर मारलं. लाडलेसाबनं बकऱ्याच्या रक्तानं भरलेली लाकडी पळी नवाबच्या नाकापुढं धरली, तेव्हा कुठं त्यानं गळा सोडला. त्या मांडी घालून खाली बसल्या आणि भोळ्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याचे पाय अजून पळत होते. मग थांबले.

“लिंगावर हात ठेवला व्हतास रे,” काकू म्हणाल्या.

“जनावर हाय काकू,” पाटील म्हणाले. “सुटलं हातातनं. त्येला काय कळतंय!”

साहेब आले. त्यांनी हॅट काढली. “बाई, दुःख करू नका,” ते म्हणाले. “हरणं रोज मरतात. हे अमर झालं. मुंबईत, लंडनमध्ये, जगात लाखो लोक याचं हे शेवटचं धावणं पाहतील आणि सृष्टीच्या निर्घृण, पण भव्य नियमापुढं नतमस्तक होतील.”

कॅमेरावाला कडबा झटकत खाली उतरला. त्यानं साहेबांना जरा बाजूला बोलावलं. माळावर बाजूला असं काही नसतं. सगळ्यांनाच ऐकू आलं.

“साहेब, उपयोग नाही. ऐन पकडीला बाई मधे आल्या. पहिल्या उडीपासून लुगडं दिसतंय.”

“कापता येणार नाही?”

“कापलं तर नुसता माळ राहतो.”

साहेबांनी हॅट पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “पाटील, गावात आणखी कुणाकडे आहे का असं? माणसाळलेलं?”

पाटलांनी विचार केला. “वरच्या वस्तीवर सोमलिंगकडं एक पाडस हाय. जरा बारकं हाय.”

“चालेल. जवळून घेऊ. फक्त या खेपेला बायका नकोत.”

काकू उठल्या. आता तळतळाट ऐकायचा म्हणून पाटलांनी मान खाली घातली आणि लाडलेसाबनं नवाबच्या डोळ्यांवर टोपी ओढली. काकू चालत पाटलांपाशी आल्या.

“मल्लिकार्जुना,” त्या म्हणाल्या, “तुझ्या गाडीत कुदळ हाय का? माळ लई कडक हाय. सांच्याला आणून देते.”