बिनधुराचा दिवा

जावईबापूंच्या नवनव्या दिव्यांच्या शोधांपायी सासूबाईंचं छत काजळीने कोळशासारखं झालं होतं.

"आज धूर झाला, तर दिवा आणि तुम्ही, दोघंही अंगणात!" सासूबाईंनी बजावलं.

"धूर? विसरा आता!" म्हणत जावईबापूंनी सासूबाईंचीच औषधाची बाटली घेतली, तिचा तळ उडवला आणि ती दिव्याच्या जाळीवर, ज्योतीभोवती उभी केली. ज्योत शहाण्या मुलासारखी सरळ झाली. धूर गायब, खोली लख्ख!

जावईबापू दिवसभर कारखान्यात आणि संध्याकाळभर धुरात असत, त्यामुळे सासूबाईंना ते आज पहिल्यांदाच नीट दिसले. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"दिवा आत राहू दे," त्या लेकीला म्हणाल्या. "यांचं मात्र बघावं लागेल."

जावईबापूंनी खुशीत अंथरूण अंगणात नेलं. शोध घरात टिकला होता; शोध लावणारा काय, कुठेही झोपतो.